सखाहरी वायनरी बघायला गेला

द्राक्षांच्या मुलखात, नदीच्या वळणावर, वाकदरी नावाचं गाव. त्या गावात एक भोळा माणूस राहायचा. नाव सखाहरी. अंगानं दणकट, मनानं लोणी आणि डोक्यानं... डोक्याचं जाऊ द्या. डोक्याचीच तर गोष्ट सांगायची आहे.

सखाहरी कुणाचं ऐकत नाही, अशी तक्रार कधी कुणी केली नाही. तो सगळ्यांचं ऐकायचा. सांगितलं तेवढं करायचा. रतीभर कमी नाही, रतीभर जास्त नाही.

एकदा त्याची बायको ठकूबाई म्हणाली, "अहो, मी बाजारला जाऊन येते. कपडे वाळले की आत घ्या."

ती गेली आणि धो धो पाऊस आला. ती परत आली तर सखाहरी ओसरीवर मांडी घालून बसलेला. समोर दोरीवर कपडे निथळतायत.

"अहो, आत का नाही घेतले?"

"वाळले कुठं?"

ठकूबाईनं कपाळावर हात मारला. "चूक झाली की माणसानं खूणगाठ बांधावी हो!"

सखाहरीनं लगेच खांद्यावरचं उपरणं काढलं आणि त्याच्या टोकाला गाठ मारली. तेव्हापासून ती त्याची सवयच झाली. चूक झाली, कुणी शहाणपण शिकवलं, की हा उपरण्याला गाठ मारायचा आणि म्हणायचा, "आता पक्कं ध्यानात राहील." आणि राहायचंही. तो विसरला असता तर लोकांचं भलं झालं असतं.

सखाहरीचे दोन जिवलग मित्र. एक केरूअण्णा. निवृत्त पोस्टमन. तीस वर्षं सायकलवर टपाल वाटलं, त्यामुळे आपल्याला माहीत नाही असा रस्ता नाही आणि आपल्याला कळत नाही असा विषय नाही, अशी त्यांची खात्री होती. दुसरे युसूफभाई. स्टँडवर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दिवसाला दहा-बारा शब्द बोलायचे, त्यातले सहा दोनदा "हवा भरायची का?" विचारण्यातच जायचे.

अण्णांना एकच मुलगी, वैजू. तिचं लग्न जमत आलं होतं. मुलाचं नाव रोहिदास ढिकले. पोरांनी एकमेकांना पाहिलं होतं, पसंत केलं होतं. मोठ्यांची बोलणी तेवढी राहिली होती. मुलाचे वडील त्र्यंबकराव धरणाकाठच्या एका वायनरीत कोठाराचे मुख्य. त्यांचा अण्णांना फोन आला.

"बैठकबिठक नको, अण्णा. सहज फिरत या. आमची वायनरी बघा, चहा घ्या. मनं जुळली तर तिथंच सुपारी फोडू."

अण्णा विचारात पडले. सहज जायचं म्हणजे सहज दिसलंही पाहिजे. जीप करून गेलं तर सहज दिसत नाही. पुण्या-मुंबईची माणसं सायकलवरून वायनऱ्या बघत हिंडतात, ती कशी अगदी सहज दिसतात. ठरलं. सायकलवर जायचं.

"पण एक पंचाईत आहे," अण्णा मित्रांना म्हणाले. "जन्म गेला आपला द्राक्षाच्या बागेत. पण द्राक्ष गाडीत चढलं की पुढं त्याचं काय होतं, ते आपण पाहिलेलं नाही. त्र्यंबकरावांसमोर बोलायचं काय? तेव्हा वाटेत आणखी दोन वायनऱ्या बघत जाऊ. अभ्यास होईल."

"हवा भरतो," युसूफभाई म्हणाले.

ठकूबाईनं हे ऐकलं. ती अण्णांना बाजूला घेऊन म्हणाली, "अण्णा, पोरीच्या लग्नाचं काम. यांना नका नेऊ."

"असं कसं? वैजूचं ठरायचं आणि सख्या नाही?" अण्णा म्हणाले.

आणि ते खरंच होतं. वैजूला सायकल सखाहरीनं शिकवली होती. पहिल्या दिवशी ती सीटवर बसली आणि ओरडली, "सखाकाका, सोडू नका हां!" सखाहरीनं सोडलं नाही. दोन महिने तो मागचं कॅरिअर धरून शेजारच्या गावातल्या शाळेपर्यंत पळत गेला. सायकल तिला पंधराव्या दिवशीच यायला लागली होती. पण सोडा असं कुणी म्हणालं नव्हतं.

ठकूबाईनं भाकरी बांधून दिली आणि नवऱ्याला बजावलं, "अण्णा सांगतील तेवढंच करा. आपलं डोकं चालवू नका."

"मी कधी चालवलंय?" सखाहरी म्हणाला.

ठकूबाईनं भाकरीचं गाठोडं त्याच्या कॅरिअरला बांधलं.

माघाचे दिवस. सकाळचं कोवळं ऊन. दोन्ही बाजूंना बागा, बागांत घड लटकलेले, आणि मधून तीन सायकली. पुढं अण्णा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मधे सखाहरी. मागं युसूफभाई, पंक्चरच्या सामानाची पिशवी घेऊन.

"सख्या," अण्णा मान न वळवता म्हणाले, "रस्त्याची काळजी करू नकोस. माझ्या मागच्या चाकावर नजर ठेव. मी जाईन तिथं ये."

"बरं."

कोसभर छान गेले. मग एक बकरी आडवी आली. अण्णांनी हँडल वळवलं, सायकल घसरली आणि अण्णा पाटाच्या चारीत, गुडघाभर पाण्यात.

सखाहरी वीस पावलं मागं होता. ब्रेक दाबायला भरपूर वेळ होता. त्यानं घंटी वाजवली, हँडल वळवलं, आणि अण्णा जिथून गेले होते बरोबर तिथून चारीत गेला. अण्णा नुकते उठत होते. ते पुन्हा बसले.

युसूफभाईंनी आधी माणसं काढली, मग सायकली.

"अरे, मी पडलो ते बकरीमुळं," अण्णा चिखल पुसत म्हणाले. "तू का पडलास?"

"तुम्ही पडलात म्हणून."

"देवा रे! सख्या, पुढं काही पडताना दिसलं ना, की आपण जागीच उभं राहायचं आणि जीव खाऊन ओरडायचं, 'थांबा! पडतंय!' म्हणजे पडणारा सावध होतो. कळलं?"

"पडताना दिसलं की ओरडायचं." सखाहरीनं ओल्या उपरण्याला गाठ मारली. "आता पक्कं ध्यानात राहील."

अण्णांनी शर्ट चारीतच खळबळून वाळत घातला. तो वाळला तोवर उन्हं वर आली.

पहिली वायनरी टेकडीवर होती. झकपक. एका लांब टेबलाभोवती पुण्याची दहा-बारा मंडळी उभी होती. काळा एप्रन घातलेल्या एक बाई वाइनबद्दल समजावून सांगत होत्या. कुठली द्राक्षं, कधी तोडली, किती दिवस ठेवली. अण्णा मान डोलवत सगळं डोक्यात साठवत होते. मग बाईंनी बाटली उचलली. सगळे गप्प झाले. बाटली तिरपी झाली आणि तांबडी धार पेल्यात पडायला लागली.

पडायला लागली.

"थांबा! पडतंय!"

आता हा आवाज साधा नव्हता. दर वर्षी हंगामात सखाहरी सात एकर बागेवरची पाखरं याच आवाजानं उडवायचा. बाईंच्या हातातून बाटली सुटली. एका काकांनी आपला पेला शेजारच्या काकूंच्या साडीवर ओतला. एक गृहस्थ भूकंप झाला असं समजून टेबलाखाली गेले आणि बराच वेळ बाहेर येईनात.

सखाहरी जागीच उभा होता. कुणी शाबासकी देतं का, ते बघत.

अण्णांनी बाईंसमोर हात जोडले, काकूंसमोर जोडले, टेबलाखालच्या गृहस्थांसमोर वाकून जोडले. बाई सोशिक होत्या. त्यांनी दुसरी बाटली उघडली, पण सखाहरीला काही दिली नाही. त्याच्याकडं पाठ करूनच त्या ओतत राहिल्या.

बाहेर आल्यावर अण्णा म्हणाले, "अरे बाबा, वाइन पडायचीच असते! तिथं ओरडतात का?"

"मग काय करतात?"

अण्णा नुकतेच शिकून आले होते. शिकवायला उतावीळ झाले होते. "नीट ऐक. हातात दिलं की आधी उजेडाला धरायचं. मग गोल गोल फिरवायचं. मग नाक घालून हुंगायचं. मग घोटभर तोंडात घेऊन खळखळवायचं. आणि बादलीत थुंकायचं."

"गिळायचं नाही?"

"जाणकार माणसं गिळत नाहीत. चव कळली, झालं."

"उजेड, फिरवणं, हुंगणं, खळखळ, बादली," सखाहरी पुटपुटला आणि त्यानं दिवसातली दुसरी गाठ मारली. "आता पक्कं ध्यानात राहील."

दुपारचं जेवण युसूफभाईंच्या मोठ्या बहिणीकडं होतं. शकीलाआपांचं घर वाटेवरच्या गावात. भाऊ मित्रांना घेऊन येणार म्हणून आपांनी पहाटेपासून दूध आटवलं होतं. सेवया तुपात परतल्या होत्या, खारीक बारीक चिरली होती. पाहुणे ओसरीत बसले. आपांनी खिरीची पहिली वाटी सखाहरीच्या हातात दिली.

"घे भाऊ. आधी तोंड गोड कर."

सखाहरीनं वाटी उचलून दाराकडच्या उजेडात धरली. आपा बघायला लागल्या. त्यानं वाटी गोल गोल फिरवली. एक सेवई काठावरून लोंबायला लागली. मग त्यानं नाक आत घातलं, ते पार बुडालं, आणि तो फुर्रकन हुंगला.

"काय पडलंय का रे त्यात?" आपांनी काळजीनं विचारलं.

सखाहरीनं मानेनं नाही म्हटलं. बोलणार कसा? तोंडात घोट होता. तो खळखळत होता. या गालातून त्या गालात, त्या गालातून या गालात. मग त्यानं इकडं तिकडं पाहिलं. दाराशी पिण्याच्या पाण्याची तांब्याची बादली होती, घासूनपुसून लख्ख केलेली.

पुच्च.

"चव कळली," तो म्हणाला आणि वाटी खाली ठेवली.

आपांनी ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. "चाळीस वर्षं झाली खीर करते. कमी-जास्त झाली असेल. पण थुंकलं कुणी नव्हतं."

आपण काय केलं ते सखाहरीला कळलं नाही, पण त्या रडल्या एवढं कळलं. तो म्हणाला, "आपा, चुकलं माझं." पण आपांनी पातेल्यावर झाकण ठेवलं ते ठेवलंच.

निघाल्यावर युसूफभाईंनी सायकल थांबवली. वर्षाचे शब्द त्यांनी एकदम काढले.

"भाऊ, कुणी प्रेमानं पुढं केलं ना, तर ते उजेडात बघायचं नसतं. हुंगायचं नसतं. दोन्ही हातांनी घ्यायचं. डोळे मिटायचे. एका दमात संपवायचं. भांडं पालथं करून दाखवायचं आणि म्हणायचं, 'वा, अमृत! अजून आहे का?' म्हणजे देणाऱ्याचं मन राहतं."

"आणि थुंकायचं?"

"थेंब नाही!"

सखाहरीनं तिसरी गाठ मारली. चांगली दोन वेढ्यांची. कुणाचं मन मोडायचं नाही, हे त्याला मनापासून पटलं होतं. "आता पक्कं ध्यानात राहील."

दुसरी वायनरी जुनी, शांत, झाडीतली. इथं अंगणातच टेबलं मांडली होती. एक वयस्कर, अदबशीर गृहस्थ पाहुण्यांमध्ये फिरत होते. हातात चकचकीत स्टीलची छोटी बादली. पाहुणे वाइन तोंडात घेत, घोळवत, विचार करत, आणि गृहस्थांनी बादली पुढं केली की तिच्यात टाकत. अण्णांनीही टाकलं. युसूफभाई पीत नसत. ते झाडाला टेकून उभे होते.

सखाहरी अगदी टोकाला बसला होता. गृहस्थ फिरत फिरत शेवटी त्याच्याकडं आले. कमरेत वाकले. दोन्ही हातांनी बादली पुढं केली आणि हसून म्हणाले, "घ्या, साहेब."

सखाहरीला जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. केवढं हे प्रेम! सगळ्यांना इवल्या इवल्या पेल्यात, आणि आपल्याला आख्खी बादली! त्याचे डोळे भरून आले. बरंच झालं. नाहीतरी ते मिटायचेच होते.

अण्णांना लांबून दिसलं. ते ओरडले. पण दम एकच होता आणि तो सखाहरीनं आधीच घेतला होता.

घट घट घट.

त्यानं बादली पालथी करून दाखवली. थेंब पडला नाही.

"वा, अमृत! अजून आहे का?"

दोन बायका तोंडावर रुमाल दाबून झाडीकडं पळाल्या. एका तरुणानं तिथल्या तिथं वाइन सोडली. पुन्हा घेतली नाही म्हणतात. बादलीवाल्या गृहस्थांची वीस वर्षं नोकरी झाली होती, पण हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. ते बिचारे खरं तेच बोलले.

"नाही साहेब. अजून कुणी थुंकलं नाही."

सखाहरीला सायकलवर बसवण्यात अर्थ नव्हता. त्याला एका चिंचेखाली आडवं केलं. तो दोन तास घोरला. अण्णा घड्याळाकडं बघत येरझाऱ्या घालत होते. त्र्यंबकरावांनी चारची वेळ दिली होती आणि साडेतीन इथंच वाजले होते. सखाहरी उठला. युसूफभाईंनी त्याला लिंबू पिळून पाणी पाजलं.

"सख्या, तू काय प्यालास ते ठाऊक आहे का?" अण्णांनी विचारलं.

"प्रेमानं दिलं होतं."

"लोकांनी तोंडात घोळवून टाकलेलं होतं ते! शिळं! आंबलेलं!"

सखाहरीचा चेहरा पडला. "मग मला आधी का नाही सांगितलं?"

"आता सांगतो," अण्णा म्हणाले. राग त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर होता. "शिळं, आंबलेलं काही दिसलं की तोंडाला लावायचं नाही. दुसऱ्याच्याही पोटात जाऊ द्यायचं नाही. कुणाला विचारत बसायचं नाही. सरळ मोरीत ओतून मोकळं व्हायचं."

"कुणाचंही असलं तरी?"

"कुणाचंही असलं तरी!"

सखाहरीनं चौथी गाठ मारली.

"आणि पुढं त्र्यंबकरावांकडं तोंड उघडू नकोस. वैजूच्या जन्माचा प्रश्न आहे."

हे सांगायची गरज नव्हती. वैजूचं नाव निघालं की सखाहरी असाही गंभीर व्हायचा.

धरणाकाठची वायनरी मोठी होती. त्र्यंबकराव फाटकातच उभे. हडकुळा माणूस, मिशा मात्र भरघोस. शेजारी रोहिदास. तीन सायकली येताना दिसल्या तसे त्र्यंबकराव खूश झाले.

"वा! मला वाटलं जीप करून याल, पंधरा माणसं घेऊन याल. तुम्ही माझ्यासारखेच आहात, अण्णा. साधे."

आत त्यांनी दिलेला पेला अण्णांनी उजेडाला धरला, फिरवला, हुंगला. "द्राक्षं सकाळी गारव्यात तोडलेली दिसतायत," असं म्हणाले. ते त्यांनी सकाळीच ऐकलं होतं. त्र्यंबकराव चकित झाले. सगळं तुपात-साखरेत चाललं होतं. सखाहरी हाताची घडी घालून गप्प उभा होता.

मग त्र्यंबकराव त्यांना कोठारात घेऊन गेले. आत गार, अंधुक. भिंतीलगत लाकडी पिंप आडवे ठेवलेले. दाराजवळच्या एका काळपट पिंपावर त्र्यंबकरावांनी लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला.

"हा आमचा म्हातारा. वायनरी सुरू झाली त्या साली मी माझ्या हातानं भरलेला. मालकांनी मलाच बक्षीस दिला. अकरा वर्षं झाली. ठरवलंय, रोहिदासच्या लग्नात उघडायचा. सगळ्या वऱ्हाडाला यातलं द्यायचं."

तोंड उघडायचं नव्हतं, पण वैजूच्या लग्नाचं ऐकून सखाहरीला राहवेना. "अकरा वर्षांचं शिळं?"

त्र्यंबकराव मोकळे हसले. "शिळं म्हणा हवं तर."

"आणि आंबलेलं?"

"आंबल्याशिवाय वाइन होते होय!"

सखाहरीनं अण्णांकडं पाहिलं. अण्णा रोहिदासला पगार विचारत होते. मग सगळे पुढच्या दालनात यंत्रं बघायला गेले. सखाहरी मागं राहिला.

त्यानं हिशेब केला. बादलीतलं जेमतेम दुपारचं शिळं होतं, तरी आपण दोन तास चिंचेखाली पडलो. हे तर अकरा वर्षांचं! आणि हे वैजूच्या लग्नात वाढणार. वैजू पिणार. वऱ्हाड पिणार. मांडवात माणसं आडवी होणार.

कुणाला विचारत बसायचं नाही, असं अण्णांनी सांगितलं होतं. त्यानं विचारलं नाही. पिंपाच्या तळाशी लाकडी तोटी होती. खाली फरशीला पाणी जायला नाली होती. त्यानं तोटी सोडली आणि धार नीट नालीत पडतेय ना, ते बघत उकिडवा बसला.

यंत्रं बघून मंडळी परतली. त्र्यंबकरावांना आधी वास आला. मग आवाज आला. मग नाली दिसली. ते धावले. तोटी बंद केली. पिंपावर बोटं वाजवून पाहिली. अर्धा गेला होता.

अण्णा मटकन फरशीवर बसले. त्यांच्या डोळ्यांसमोर वैजू उभी राहिली. सकाळी निघताना तिनं काही विचारलं नव्हतं, फक्त त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली होती.

"का?" त्र्यंबकरावांनी विचारलं. एवढंच.

सखाहरी उभा राहिला. त्याला वाटत होतं, आता तरी कुणीतरी समजून घेईल. "पोरगी आमची आहे, मालक. तळहाताच्या फोडासारखी जपलीय. अण्णांनी सांगितलंय, शिळं कुणाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही. तुम्ही रागवा, पण तिच्या लग्नात अकरा वर्षांचं आंबलेलं मी वाढू देणार नाही."

त्र्यंबकरावांनी त्याच्याकडं पाहिलं. मिशा थरथरत होत्या. अण्णांनी डोळे मिटून घेतले. आणि त्यांना हसणं ऐकू आलं. आधी बारीक, मग पोट धरून.

"अण्णा, उठा! नुसत्या मित्राला पोरीची एवढी काळजी, तर बापाला किती असेल! अशा घरची पोर हातची घालवायची? अर्धा उरलाय ना, अर्धा पुरेल. रोहिदास, सुपारी काढ. वर चला सगळे."

अण्णांच्या जिवात जीव आला. त्र्यंबकराव पुढं झाले तसा अण्णांनी सखाहरीचा दंड धरला. "तू वर येऊ नकोस. इथंच थांब. आणि शेवटचं सांगतो, ऐक. दुसऱ्याचं भांडं आपल्या हातून रिकामं झालं तर तसं ठेवू नये. भरून द्यावं. ही माणुसकीची रीत आहे."

अण्णांच्या मनात पुढं कधीतरी आहेर करायचा होता. पण ते मनात होतं.

"रिकामं झालं तर भरून द्यावं," सखाहरी म्हणाला आणि त्यानं पाचवी गाठ मारली. "आता पक्कं ध्यानात राहील."

वर चहा झाला. सुपारी फुटली. तोंडात साखर पडली. वैशाखातली तारीख धरली. मानपान, वऱ्हाड, आचारी, सगळं तासाभरात ठरलं. युसूफभाईंनी आपण होऊन दोन वाक्यं बोलून दाखवली, इतका आनंद झाला होता. व्याही-व्याही खांद्यावर हात टाकून जिना उतरले.

कोठाराच्या दाराशी आले तर आतून पाण्याचा आवाज. झुळझुळ.

सखाहरीनं धोतर गुडघ्याच्या वर खोवलं होतं. अंगण धुवायचा लांबलचक पाइप आत ओढून आणला होता. म्हाताऱ्या पिंपाचं वरचं बूच काढून त्यात पाइपाचं तोंड घातलं होतं. पिंप काठोकाठ भरून वरून फिकट गुलाबी पाणी वाहत होतं. सखाहरीच्या कपाळावर घाम होता आणि चेहऱ्यावर समाधान.

"भरला, मालक! जसा होता तसा केला. पाणीही चांगलं आहे, विहिरीचं. मी पिऊन बघितलं."

त्यानं पाइपाचं तोंड पिंपातून बाहेर काढलं.

"आणि शेजारचे सहा पिंप वाजवून बघितले. तेही थोडे थोडे रिकामेच होते. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. म्हटलं, हात ओलाच आहे, तेही भरून टाकू. टाकले."

त्र्यंबकराव हळूहळू खाली बसले. मघाशी अण्णा जिथं बसले होते, अगदी तिथंच.

"रोहिदास," ते क्षीण आवाजात म्हणाले, "सुपारी फुटली का रे?"

"फुटली, बाबा."

"साखर खाल्ली?"

"तुम्ही दोनदा खाल्लीत."

"मग शब्द दिला तो दिला." त्यांनी मोठा श्वास सोडला आणि अण्णांकडं पाहिलं. "अण्णा, हा तुमचा भाऊ नाही ना? चुलत, मावस, कुठलाच?"

"नाही हो. मित्र."

"नात्यात कुणीच नाही?"

"कुणीच नाही."

"देवाची कृपा," त्र्यंबकराव म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

सखाहरीचं तिकडं लक्ष नव्हतं. तो पाइप ओढत कोठाराच्या पलीकडच्या टोकाला पोचला होता. तिथं स्टीलची मोठी टाकी होती, दोन मजले उंच, वर्षाचा सगळा माल पोटात घेऊन उभी. सखाहरीनं तिला कान लावला, मुठीनं ठोकून पाहिलं आणि मान हलवली.

"मालक, ही तर अर्ध्याच्याही खाली आहे. हिचं तोंड कुठून उघडतं तेवढं सांगा, म्हणजे दिवस मावळायच्या आत हिचंही उरकतो."